म्हस्के गुरुजींची अकरा कनेक्शनं

माझी नोकरी नेमकी काय होती हे माझ्या सख्ख्या बहिणीला अजून माहीत नाही. ती सगळ्यांना सांगते, "आमची शोभा फोनच्या ऑफिसात होती." ऐकणाऱ्याला वाटतं, मी कानाला यंत्र लावून दिवसभर हॅलो हॅलो करत बसायचे. या अंकाच्या मंडळींनी "मॅडम, तुमच्या कामातल्या गमती लिहा" म्हटलं तेव्हा मी त्यांना सांगितलं, बाबांनो, आमच्या कामातली गंमत म्हणजे लोक शिव्या देतात आणि आपण "हो, बरोबर आहे" म्हणतो. पण फोन ठेवला आणि मला आष्टी गाव आठवलं. स्वयंपाकघरात एकटीच हसत सुटले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तेही कळलं नाही, भाताची पेज झाली. ती खाऊन लिहायला बसले आहे.

आधी काम समजावून सांगते, घाबरू नका. गावातल्या एक्सचेंजमध्ये एक डबा असतो. त्याला भोकं असतात, त्यांना पोर्ट म्हणायचं. एका पोर्टातून केसासारखी काचेची तार जाड वेष्टणात निघते, खांबाखांबावरून तुमच्या घरी येते आणि भिंतीवरच्या यंत्राला जोडली जाते. मग लांब कुठंतरी आमच्या कंपनीचा मोठा कॉम्प्युटर आहे, त्यात तुमचं नाव चढतं. पोर्ट, तार, यंत्र, नाव. चारही झाली की हिरवा दिवा लागतो आणि तुमचा नातू मोबाइलमध्ये घुसतो तो जेवायलाच बाहेर येतो.

गोम अशी, की ही चार कामं चार जागी व्हायची. पोर्ट द्यायचा जालन्याच्या ऑफिसनं, तार ओढायची तालुक्याच्या माणसानं, यंत्र यायचं गोदामातून, नाव चढायचं मुख्यालयात. तीन झाली आणि चौथं अडलं, तर? तर काहीच नाही! ती तीन तशीच पडून राहायची. पोर्ट 'राखीव' दिसायचा, तार 'राखीव' दिसायची, आणि गिऱ्हाइकाला आम्ही तोंड भरून सांगायचो, "तुमचा अर्ज बाद झाला, नवीन अर्ज टाका."

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणारे तुम्ही पाहिले असतील. आता समजा रुमाल टाकला आणि माणूस गाडीत चढलाच नाही, स्टँडवरच भजे खात राहिला. गाडी सुटली. बायाबापड्या उभ्या, आणि सीटवर रुमाल बसलेला! कंडक्टर म्हणतो, जागा नाही. आमच्या जिल्ह्यातले निम्मे डबे असे रुमालांनी भरले होते.

नोकरीच्या उतरणीला मला एका ट्रेनिंगला पाठवलं. विषय होता डेटाबेस. माझ्या वयाच्या बाईला का पाठवलं, तर बाकी कुणी जायला तयार नव्हतं. शिकवणारी पोरगी माझ्या भाचीएवढी. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "ट्रान्झॅक्शन म्हणजे कामांचा असा गठ्ठा, जो एक तर पूर्ण होतो, नाहीतर मुळीच होत नाही. मधे अडलं, तर झालेलं सगळं उलट्या क्रमानं मागं घ्यायचं, जणू काही सुरूच केलं नव्हतं. आणि एकदा पक्कं झालं की मग लाइट गेली तरी पुसायचं नाही." मी बाकावरून उठून उभीच राहिले. माझा आवाज मुळात मोठा, ऑफिसात मला माघारी भोंगा म्हणायचे. मी ओरडले, "अगं बाई, हे तू नुसत्या नोंदींना का सांगतेस? हे आमच्या तारांना पाहिजे!" सगळा वर्ग वळून बघायला लागला. मला त्या रात्री झोप आली नाही, लग्न ठरल्यावरही आली होती.

जालन्याला परत आले ती थेट साहेबांच्या केबिनमध्ये. साहेब हुशार होते, ते मान्य करते. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साळवे मॅडम, कॉम्प्युटरमधली नोंद पुसता येते. खांबावर चढलेला माणूस कसा पुसणार?" प्रश्न बिनतोड होता. मी दोन दिवस चिडून होते. तिसऱ्या दिवशी उत्तर सापडलं: पुसायचा नाही, उतरवायचा! प्रत्येक कामाला त्याचं उलटं काम आधीच लिहून ठेवायचं. पोर्ट धरला, तर उलटं काम पोर्ट सोडणं. तार धरली, तर तार सोडणं. हात घालायच्या आधी नोंद, मग काम. पंधरा मिनिटांत चारही जमली नाहीत, तर प्रोग्रॅमनं आपणहून उलट्या क्रमानं सगळं सोडून द्यायचं. कुणाला विचारायचं नाही, कुणाची सही नाही.

आणखी एक शहाणपण मला कुंभार पिंपळगावात मिळालं, तेही चहाच्या हॉटेलात. आमचे मुनीरभाई, तारा जोडण्यात सगळ्या जिल्ह्यात एक नंबर, सकाळपासून गायब. दुसरा जोडणारा ज्ञानोबा, तोही गायब. दोघांचे फोन लागेनात म्हणून मी स्वतः गेले, तर दोघं हॉटेलात, पाठीला पाठ लावून बसलेले.

"मुनीरभाई, काय करून राह्यले?"

"इंतजार, मॅडम. पोर्ट मेरे पास है. तार ज्ञानोबा ने पकड के रखी. उनो छोड़ेंगे तो मैं काम करूंगा ना."

"आन् तू रे ज्ञानोबा?"

"तार माह्याकडं हाय, मॅडम. पोर्ट यांनी धरून ठिवला. यांनी सोडला की मी जल्दी उरकतो."

"मंग एकमेकाला सांगितलं का न्हाई?"

"सांगायचं काय त्यात," ज्ञानोबा म्हणाला, "त्यायला दिसून राह्यलं की."

पाच-पाच चहा झाले होते! दोन गिऱ्हाइकं दारात उभी, आणि हे दोन शहाणे एकमेकांची वाट बघत बसलेले. मी आधी दोघांना झाडलं, मग सहावा चहा मीच मागवला, कारण ट्रेनिंगमध्ये या प्रकाराला मोठं भारदस्त नाव होतं आणि इथं तो माझ्यासमोर बिस्कीट बुडवत होता. उपाय सोपा होता. सगळ्यांनी एकाच क्रमानं धरायचं, आधी पोर्ट आणि मगच तार. पोर्ट नसेल तर तारेला हातच लावायचा नाही. तोही नियम प्रोग्रॅममध्ये घातला आणि सगळं एका कागदावर मांडलं. साहेबांनी कागद घेतला, "बघू" म्हणाले आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. तिथं तो चांगला आठ महिने बसला.

मग एका गुरुवारी म्हस्के गुरुजी आले.

गुरुजी आष्टीचे, रिटायर झालेले, गणिताचे. काखेत फाइल, फाइलीत प्रत्येक अर्जाची पोच, पोचेवर लाल शाईनं नंबर. दीड वर्ष ते इंटरनेटचं कनेक्शन मागत होते. समोरच्या खुर्चीवर बसले आणि अजिबात आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, मी भांडायला आलो न्हाई. भांडून झालं माझं. फक्त सांगा, सोमवारी सकाळी अकराच्या आत होईल का न्हाई. न्हाई म्हणलं तरी चालेल, पण बराबर सांगा."

सोमवारी काय, तर त्यांची लेक पल्लवी. तिला घरबसल्या काम मिळालं होतं. डॉक्टर तिकडं बोलतात, ही ऐकून टाइप करते. पण कंपनीची अट होती, तारेचं पक्कं कनेक्शन पाहिजे. सोमवारी अकराला ते तपासणार. असेल तर घरून काम, नसेल तर त्याच आठवड्यात पुण्याच्या ऑफिसात हजर व्हायचं.

"मंग पुण्याला जाऊ द्या की," मी म्हणाले. कामाच्या घाईत माणूस मूर्खासारखं बोलतो.

गुरुजी फाइलीची दोरी बांधायला लागले. "तिच्या आईला अर्धांगवायू झालेला आहे. उजवी बाजू गेली. सगळं पल्लवीच करती. मला साधी वेणी घालता येत न्हाई, मॅडम. मी घातली का बायको म्हणती, गुरुजी, हे काय बैलाचं दावं हाय का." ते हसले.

मी कॉम्प्युटरवर आष्टीचा डबा उघडला. बत्तीस पोर्ट. एकोणीस चालू, तेरा राखीव, रिकामा एकही नाही. हे राखीव कुणाचे म्हणून यादी काढली. पहिलं नाव म्हस्के. दुसरं म्हस्के. तिसरं एका बंद पडलेल्या दुकानाचं. चौथं म्हस्के... मी खाली खाली जात राहिले आणि माझा आवाज वर वर जात राहिला. तेरातले अकरा पोर्ट म्हस्के गुरुजींच्याच नावावर!

झालं होतं असं. पहिल्या वेळी पोर्ट धरला, तार धरली आणि गोदामात यंत्र नव्हतं. अर्ज बाद, नवीन अर्ज टाका. दुसऱ्या वेळी यंत्र होतं, पण मोठा कॉम्प्युटर दुपारचा बंद. नवीन अर्ज टाका. तिसऱ्या वेळी रस्ता खोदणाऱ्यानं तार तोडली, चौथ्या वेळी लग्नाच्या मांडवाचा बांबू तारेत अडकला. दरवेळी एक रुमाल टाकला गेला, आणि गुरुजी पडले शिस्तीचे, सांगितलं की दुसऱ्या दिवशी नवीन अर्ज हजर. एखादा आळशी माणूस असता तर त्याला कधीच कनेक्शन मिळालं असतं.

मी हसले. अगदी टेबलावर हात आपटून हसले, डोळ्यांतून पाणी आलं, शिपाई धावत आला. गुरुजी मात्र गणित मांडत होते.

"म्हणजे माझी जागा मीच अडवून बसलो व्हय?"

"तुम्ही न्हाई गुरुजी. आम्ही बसवलं तुम्हाला," मी म्हणाले, आणि हसू तिथंच थांबलं. कारण अकरातल्या तीन पोचांवर खाली सही माझी होती. 'कृपया नवीन अर्ज करावा', शो. साळवे. मी ती वाचलीसुद्धा नव्हती. तेव्हा जी लाज वाटली ती अजून वाटते.

फाइल उचलली आणि गुरुजींना घेऊनच साहेबांच्या केबिनमध्ये घुसले. अकरा पोचा टेबलावर मांडल्या. साहेबांनी मोजल्या, पुन्हा मोजल्या आणि ड्रॉवर उघडून माझा कागद काढला. "फक्त आष्टीच्या डब्यावर करून बघा," ते म्हणाले. "चालू कनेक्शन एक जरी तुटलं तर तुमच्या नावावर. रिटायरमेंटला चार महिने राहिलेत, मॅडम, विचार करा."

"केला," मी म्हणाले. खरं तर नव्हता केला.

शुक्रवारी मुनीरभाई आष्टीत खांबावर आणि मी जालन्यात कॉम्प्युटरवर. एकेक राखीव उलट्या क्रमानं सोडायचं, नाव तर चढलेलंच नव्हतं, म्हणून आधी यंत्र, मग तार, शेवटी पोर्ट. भाई वरून खात्री करायचे, "खाली है, मॅडम," मग मी सोडायचे. सहा झाले. सातव्याला खांबावरून आवाज, "मॅडम, इसपे तो गोधड्या है."

"काय हाय?"

"गोधड्या! किसी ने तार को रस्सी बना डाली."

कुण्या अर्जाच्या वेळी ओढून सोडून दिलेली तार गुरुजींच्या शेजारच्या बाईनं आपल्या कडुनिंबाला बांधून टाकली होती. ती भाईंच्या फोनवरून माझ्याशीच भांडायला लागली. "ओ मॅडम, वर्ष झालं मी यावर वाळू घालून राह्यले. आता कुठं टाकू, तुमच्या डोस्क्यावर?" चूक काय होती तिची? माझ्या कागदावर प्रत्येक कामाचं उलटं काम लिहिलं होतं, गोधडीचं नव्हतं. भाईंनी दुकानातून नायलॉनची दोरी आणून बांधून दिली, तेव्हा कुठं सातवा पोर्ट सुटला. संध्याकाळपर्यंत अकराच्या अकरा मोकळे झाले, आणि चालू एकोणीसपैकी एकाचाही दिवा विझला नाही. मी ऑफिसात फुगडी घातली. शिपायानं नको म्हटलं म्हणून टेबलाभोवती एकटीनंच घातली.

शनिवार-रविवार मुख्यालय बंद, ते सोमवारी साडेदहाला उघडायचं, म्हणून सोमवारी मी स्वतः आष्टीला गेले. गुरुजींचं घर लहान, नीटनेटकं. आतल्या खोलीत खाटेवर सुमनबाई, म्हणजे पल्लवीची आई, पडल्या होत्या. दार उघडं, त्यामुळं त्यांना ओसरीतलं सगळं दिसत होतं. पल्लवी माझ्या शेजारी उभी, हातात हेडफोन. मुनीरभाईंनी तार यंत्राला जोडली आणि दहा चाळीसला मी लॅपटॉपवरचं बटण दाबलं.

पोर्ट, हिरवी खूण. तार, हिरवी खूण. यंत्र, हिरवी खूण. नाव... गोल फिरतंय. फिरतंय. पाच मिनिटं फिरलं, दहा मिनिटं फिरलं. मोठा कॉम्प्युटर सोमवार सकाळच्या गर्दीत अडकला होता.

दहा त्रेपन्नला साहेबांचा फोन. ते तिकडून पडद्यावर बघत होते. "मॅडम, दोन मिनिटांत तुमचा नियम सगळं सोडून देईल. थांबवा तो. टेस्टिंगचा पासवर्ड टाका आणि हातानं चालू करा. पोरीचं काम तर होऊ द्या!"

आता बघा गंमत. आठ महिने ज्यांनी माझा कागद दाबला ते मला नियम मोडायला सांगत होते, आणि तेही चांगल्या मनानं. नाव न चढताही टेस्टिंगच्या पासवर्डावर दिवस निघाला असता, हे खरं. पण रात्री ते आपोआप तुटलं असतं आणि डब्यात गुरुजींच्या नावाचा बारावा रुमाल पडला असता. मंगळवारी पल्लवी कामाला बसली असती तर दिवा लाल. माझं बोट पासवर्डच्या बटणावर होतं. पल्लवी माझ्याकडं बघत होती. खोटं कशाला बोलू, मला दाबायचं होतं. आपण या पोरीचं वाटोळं करतोय असं स्वच्छ वाटत होतं.

मी हात मागं घेतला.

दहा पंचावन्न. यंत्राची खूण गेली. तारेची गेली. पोर्टाची गेली. पडदा कोरा.

"गेलं?" गुरुजींनी विचारलं.

"गेलं, गुरुजी."

"किती राह्यलं?"

"काहीच न्हाई राह्यलं. एक बी न्हाई!" आणि मला हसू फुटलं. त्या घरातली सगळी माणसं मला वेड लागलं अशा नजरेनं बघत होती, पण दीड वर्षात पहिल्यांदा गुरुजींचा अर्ज अडला होता आणि मागं काही सांडलं नव्हतं. डबा जसा होता तसा, पोर्ट मोकळा, तार मोकळी. नवीन अर्ज नको, सही नको, तालुक्याला फेरा नको. नुसतं पुन्हा दाबायचं! मी दाबलं. पोर्ट. तार. यंत्र. आणि नाव, पापणी लवायच्या आत, जसं काही ते तिथंच बसून होतं. दहा अठ्ठावन्नला भिंतीवर हिरवा दिवा.

मुनीरभाई "या अल्ला" म्हणत मटकन खाली बसले. फोनवर साहेब काहीतरी बोलत होते, मी बंद करून टाकला. नशीब होतं का? होतं, थोडं होतं. मोठा कॉम्प्युटर आणखी दहा मिनिटं अडकला असता तर अकरा वाजून गेले असते, आणि आज मी हे लिहिलं नसतं. पण नशीब आलं तेव्हा त्याला बसायला जागा रिकामी होती, एवढं मी छाती ठोकून सांगते.

पल्लवीनं हेडफोन घातला आणि बाजूच्या खोलीचं दार लावलं. आम्ही बाहेर. गुरुजी पाढे म्हणावेत तसे ओठ हलवत येरझाऱ्या घालत होते. गोधड्यावाली शेजारीण भिंतीवरून डोकावून "झालं का वो?" विचारून गेली, तीनदा. पस्तीस मिनिटांनी दार उघडलं. पल्लवीनं मान हलवली, आणि मग एकदम, "इथूनच, बाबा. उद्यापासून इथूनच!" गुरुजींनी तिचा हात धरला आणि मी दोघांना मिठी मारली. सरकारी वागणूक वगैरे सगळी चुलीत गेली. मुनीरभाई डोळे पुसत "धूळ गई" म्हणत होते.

या गोंधळात आतून आवाज आला. सुमनबाईंचं बोलणं जड येतं, एकेक शब्द सावकाश. "पल्ले, इकडं ये."

आम्ही सगळेच आत गेलो. बाईंनी डाव्या हातानं खाटेखालची पिशवी दाखवली. पल्लवीनं ती ओढली. आत तिचे सगळे कपडे, घड्या घालून. तिचा टॉवेल, कंगवा, गव्हाच्या पिठाचे लाडू एका डब्यात, शेजारणीकडून करून घेतलेले. घड्या वाकड्यातिकड्या होत्या. पल्लवीनं ती भरली नव्हती, गुरुजींनी भरली नव्हती.

"आई, हे कव्हा केलं तू?"

"तुम्ही दोघं त्या दिव्याच्या नादात व्हते तव्हा. कपडे शेजारणीनं काढून दिले. तू पुण्याला जायला रडली अस्ती, म्हणून म्हणलं आपणच भरून ठिवावी." बाई दम घ्यायला थांबल्या. मग त्यांच्या अर्ध्या चेहऱ्यावर पूर्ण हसू आलं.

"एका हातानं भरायला दोन दिस लागले मला. काढायची तुझी तू."